उसना हुंकार

दुपारचे तीन म्हणजे बाळंतिणीचा हक्काचा वेळ. घरातली जेवणं उरकलेली असतात, सासू जरा लवंडलेली असते, बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं असतं. म्हणून ऋतुजा बनसोडेने आपल्या गटाची वेळ हट्टाने तीनचीच ठेवली होती. नाशिकच्या घरात, बाल्कनीत वाळत घातलेल्या दुपट्यांच्या आड ती लॅपटॉप उघडून बसायची आणि पडद्यावर एकेक चौकट उजळत जायची. चंद्रपूरची मयूरी, राजापूरची सानिया, उदगीरची निकिता आणि अशाच आणखी काही जणी. सगळ्या पहिलटकरणी. बाळंतपणानंतर रडू थांबेना, झोप येईना, म्हणून कुठल्या ना कुठल्या डॉक्टरने त्यांना ऋतुजाच्या संस्थेकडे पाठवलेलं.

गटाचा नियम एकच होता आणि तो ऋतुजाने स्वतः घातला होता. सल्ला द्यायचा नाही. 'ओवा खा', 'देवाचं नाव घे', 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' हे ऐकून ऐकून या पोरींचे कान किटलेले होते. इथे एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी नुसता हुंकार द्यायचा. लहान मुलाला गोष्ट सांगताना आपण म्हणतो ना, 'हं म्हण, नाहीतर गोष्ट पुढे जायची नाही', तसा.

नियम चांगला होता, पण पडद्यावर तो चालेना. बाळांच्या किरकिरीमुळे सगळ्यांचे माइक बंद. हुंकार ऐकू येणार कसा? बोलणारी बोलायची, समोर निर्जीव चौकटी. दोन वाक्यांत तिचा आवाज खाली यायचा, "बास, एवढंच," म्हणून ती गप्प व्हायची. मग हळूहळू कॅमेरे बंद व्हायला लागले, मग माणसंच यायची बंद झाली. गट असाच गळत राहिला तर गुंडाळावा लागेल, असं संस्थेने सांगून टाकलं.

तेव्हा तेजश्री आली. तेजश्री काळदाते, ऋतुजाची कॉलेजातली मैत्रीण, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत होती. तिथे ती घडवत असलेल्या यंत्रणेचं नाव होतं 'सोबत'.

"तुझ्या बायका कंटाळत नाहीयेत गं," ती म्हणाली. "त्यांचे मेंदू दमतायत."

तिने समजावून सांगितलं ते असं. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा ऐकणारा मान कधी हलवतो, 'हं' कधी म्हणतो, हे वाटतं तितकं मोघम नसतं. बोलणाऱ्याचा सूर जिथे खाली येतो, तो श्वास घ्यायला जिथे थांबतो, नेमक्या त्या फटीत ऐकणाऱ्याचा हुंकार येऊन बसतो. तो बसला की बोलणाऱ्याचा श्वास मोकळा होतो, त्याच्या पापण्यांची उघडझाप ऐकणाऱ्याशी जुळायला लागते. दोन शरीरं एका तालावर येतात. 'जीव लागला' असं आपण म्हणतो, त्याची सुरुवात इथे असते. पडद्यावर मात्र चित्र आणि आवाज किंचित उशिरा पोचतात. डोळ्यांना तो उशीर कळत नाही, पण मेंदू तो पकडतो आणि त्याचा एकच अर्थ लावतो: समोरच्याला माझ्यात रस नाही.

'सोबत' ही फट भरून काढायची. बोलणारीचा सूर कुठे उतरणार हे ती आधीच ओळखायची आणि ऐकणारीची मान, तिच्याच चेहऱ्यानिशी, आणि तिच्याच आवाजातला 'हं' बरोबर वेळेवर पोचवायची.

"म्हणजे खोटं?" ऋतुजाने विचारलं.

"खोटं कसं? ती मान हलवणारच असते, आपण थोडी आधी पोचवतो. पोस्टमनने पत्र धावत आणून दिलं तर पत्र खोटं होतं का?"

"आणि तिने हलवलीच नाही तर?"

"तर किती भरायचं ते तू ठरव. पडद्यावरची ही पट्टी सरकवायची. बायकांची परवानगी आपण आधीच घेतो."

सगळ्यांनी परवानगी दिली. असल्या परवानग्या कोण वाचतं? ऋतुजाने पट्टी सुरुवातीला जेमतेम सरकवली. पहिल्याच बैठकीत राजापूरची सानिया, जी आजवर 'मी बरी आहे' याच्या पुढे गेली नव्हती, ती बोलायला लागली ती थांबेचना. नऊ चेहरे तिच्याकडे एकटक बघत होते, नेमक्या जागी 'हं' म्हणत होते. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "घरात इतकी माणसं आहेत ताई, पण असं कुणी ऐकलंच नव्हतं मला."

त्या दिवशी ऋतुजालाही रडू आलं. मग गळालेल्या बायका परत आल्या. पट्टी पुढे सरकत गेली. दुसऱ्या जिल्ह्यांतले गट चालवणाऱ्यांना शिकवायला संस्थेने ऋतुजालाच उभं केलं.

ऋतुजाची स्वतःची मुलगी जुई तेव्हा रांगत होती. एकदा ऐन बैठकीत आतून धप्प आवाज आला आणि पाठोपाठ जुईचा टाहो. ऋतुजाने मागेपुढे न बघता धाव घेतली. पलंगावरून पडली होती पोर, कपाळाला टेंगूळ. तिला कडेवर घेऊन, फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून कपाळाला लावत ती परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण बैठक अर्ध्यावर टाकून गेलो. निकिता बोलत होती बिचारी.

पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. निकिता ढोबळे बोलणं संपवून डोळे टिपत होती.

"लई बरं वाटलं बघा ताई," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण नुसतं बघत होता ना माझ्याकडं, तेवढ्यानंच."

 ऋतुजाला आठवलं, तेजश्रीने तिचाही चेहरा यंत्रणेत घेतला होता. 'तूही माणूसच आहेस, तुझंही लक्ष कधी उडणारच,' असं म्हणून.

"हो गं," ती म्हणाली. "बोलत राहा."

हर्षदला, नवऱ्याला, तिने हे संध्याकाळी हसत सांगितलं. तो म्हणाला, "मग बरंच आहे की. दोन्हीकडे असशील."

तिलाही ते पटलं. कुठल्या आईला पटणार नाही? मग ती कधी जुईचं दूध गरम करायला उठायची, कधी लंगोट बदलायला. एका कानातल्या इअरफोनमध्ये आवाज चालू असायचा. मिक्सर लावला की तेवढ्यापुरता तो काढून ठेवायची. आपण ऐकतोच आहोत, असं तिला मनापासून वाटत होतं. बैठकीनंतर यंत्रणा प्रत्येकीच्या लक्षाचा आलेख दाखवायची, आणि सगळे आलेख वर, सपाट, समाधानाने पसरलेले असायचे. सगळ्यात वर निकिताचा.

एका गुरुवारी सकाळी ऋतुजा जुईला नाचणीची पेज भरवत असताना फोन वाजला.

"मॅडम, मी अमोल ढोबळे. निकिताचा नवरा. उदगीरहून." त्याला धाप लागली होती. "ती लेकराला घेऊन कुठं गेलीय कळंना. पहाटेपासून नाहीय. फोन घरातच ठेवून गेलीय."

ऋतुजाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "माहेरी?"

"माहेरी नाही, मैत्रिणीकडं नाही. भांडण नाही, काही नाही. परवा मी विचारलं, काय होतंय तुला, तर म्हणाली, मी ताईंना सगळं सांगितलंय, त्यांना माहीत आहे. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. काय सांगितलं होतं तिनं?"

ऋतुजाने आठवायचा प्रयत्न केला. निकिताचा चेहरा आठवला. हिरव्या भिंतीसमोरचा, कपाळावर आलेली बट मागे सारणारा. ओठ हलताना आठवले. शब्द एकही आठवेना.

"मॅडम?"

"अमोलभाऊ, गटातलं बोलणं आम्ही बाहेर सांगत नाही," तिच्या तोंडून निघून गेलं. "तसा नियम आहे."

 तो हळू आवाजात म्हणाला, "नियमाचं मला काय कळत नाही ओ. लेकरू चार महिन्यांचं आहे."

"मी बघते. लगेच फोन करते," म्हणून तिने फोन ठेवला. जुईने पेजेच्या वाटीत हात घातला होता आणि तो ती टेबलभर फासत होती.

तिने आधी मयूरीला लावला.

"निकिता? हो, बोलली की परवा. बराच वेळ," मयूरी म्हणाली.

"काय बोलली?"

"अं... ताई, खरं सांगू का? त्या वेळी याने शी केली होती. मी न्हाणीघरात होते. पण बाकीच्या होत्या ना सगळ्या."

सानिया म्हणाली, तिचा डोळा लागला होता, रात्रभर बाळाने जागवलं होतं. तिसरी कुकर लावायला गेली होती. चौथीकडे पाहुणे आले होते, पाचवी नुसतीच मोबाइलवर काहीबाही बघत बसली होती. प्रत्येकीचा आवाज आधी मोकळा आणि मग चोरटा व्हायचा, आणि प्रत्येकीच्या बोलण्याचा शेवट एकच. "सगळ्या इतक्या मन लावून ऐकताना दिसतात ना ताई, मला वाटलं, माझ्या एकटीनं काय फरक पडतोय?"

त्यातल्या एकीने उलट विचारलं, "पण तुम्ही तर होता ना ताई? तुम्ही तर कध्धी हलत नाही जागची."

ऋतुजाने फोन ठेवला आणि तेजश्रीला लावला.

"आवाज साठवलेला असेल ना कुठेतरी? काहीतरी असेल."

"नाही," तेजश्री म्हणाली. "तूच अट घातली होतीस, बायकांचं बोलणं कुठे साठवायचं नाही म्हणून. बरोबरच होती अट. फक्त आलेख आहेत."

"आलेखाचं काय करू मी?"

"ऋतुजा, ऐक. तिचा सहभाग सगळ्यात चांगला होता गं. एकदाही अर्ध्यातून गेली नाही ती. यंत्रणेने जे करायचं ते केलं."

"तिला बोलतं ठेवलं," ऋतुजा म्हणाली. "भिंतीशी."

 पलीकडून एक 'हं' आला, आणि तो खरा की भरलेला, हे ऋतुजाला ओळखता येईना. तिने घाईने फोन बंद केला.

अमोलला फोन करायला मात्र तिचा हात धजेना. नियमाचा आडोसा चांगला होता. त्याच्यामागे उभं राहिलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं, उलट संस्थेने पाठच थोपटली असती. तिने जुईचे हात धुतले, तिला कोरडं केलं. पोर खांद्यावर मान टाकून तिच्या कानातली बाळी ओढत बसली. निकिताच्या खांद्यावर या घटकेला तिचं लेकरू असंच असेल का? की नसेल? ऋतुजाने फोन उचलला.

"अमोलभाऊ, मघाशी मी नियम सांगितला, ते खोटं होतं. मला माहीत नाही ती काय बोलली. मी ऐकत नव्हते. कुणीच ऐकत नव्हतं."

"म्हणजे? पण ती तर सांगायची, सगळ्या बायका मान हलवतात..."

"ते यंत्र हलवतं."



"मग तुम्ही तिथं कशाला बसता, मॅडम?" त्याने विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं. आणि फोन ठेवला.

निकिता संध्याकाळी सापडली. लातूरच्या एसटी स्टँडवर. अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी जो हिरकणी कक्ष असतो, त्यात आतून कडी लावून ती दिवसभर बसली होती. बाहेर तान्ही मुलं घेऊन बायका ताटकळल्या, आधी त्यांनी हाका मारल्या, मग शिव्या घातल्या, शेवटी कुणीतरी पोलिसांना बोलावलं. दार उघडलं तेव्हा लेकरू तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. धडधाकट होतं. तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं आणि लेकराला तिच्या सासूकडे दिलं.

पुढच्या बैठकीला ऋतुजाने पट्टी शून्यावर आणली. सांगून आणली. "आज आपण जशा आहोत तशाच दिसू," ती म्हणाली.

चौकटी एकदम बदलल्या. एकीत नुसता फिरणारा पंखा. एकीत रिकामी खुर्ची आणि तिच्यावर टाकलेला टॉवेल. एकीत कुणाची तरी पाठ, कपाट आवरत असलेली. सानिया तेवढी समोर होती आणि तिचे डोळे तारवटलेले, तोंड किंचित उघडं, जांभई आणि रडं यांच्या मधलं काहीतरी. तिने इतर चौकटी पाहिल्या. एकेक करून सगळ्या पाहिल्या. मग तिचा हात तोंडावर गेला.

"या अशाच होत्या?" तिने विचारलं. "मी त्या दिवशी माझ्या नवऱ्याचं सगळं सांगितलं, तेव्हापण?"

"मला माहीत नाही," ऋतुजा म्हणाली.

"ताई, ते परत लावा ना. तेच बरं होतं." सानिया पडद्याच्या अगदी जवळ आली. "खरंच लावा. माझ्याकडे दुसरं काही नाहीये."

ऋतुजाने लावलं नाही. सानियाची चौकट विझली. थोड्या वेळाने कपाट आवरणारी बाई वळली, पडद्याकडे बघून दचकली आणि तीही गेली. संस्थेने महिनाअखेरीस गट दुसऱ्या कुणाला तरी दिला. पट्टी पूर्ववत झाली, बायका परत आल्या, आलेख वर गेले. इतर जिल्ह्यांतले गट तर कधी थांबलेच नव्हते. हे बंद करा म्हणून ऋतुजाने सगळीकडे पत्रं पाठवली, सगळ्यांकडून नम्र उत्तरं आली.

त्याआधीच, निकिताला भेटायची परवानगी मिळाली त्या दिवशी, जुईला हर्षदच्या स्वाधीन करून ती लातूरला गेली होती.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात एक सिमेंटचं बाकडं होतं, तिथे निकिता बसलेली होती. पडद्यावर दिसायची त्याहून कितीतरी लहान. तिने ऋतुजाकडे बघितलं, पण ओळख दाखवली नाही. मग हात पुढे करून तिने ऋतुजाच्या मनगटाला बोट लावून पाहिलं आणि काढून घेतलं.

"आहात," ती म्हणाली.

"निकिता, माझं चुकलं गं. मला सांग ना, काय झालं होतं. आता मी ऐकते."

निकिता बोलायला लागली. पहिल्या वाक्याला तिचा सूर उतरला आणि ऋतुजाची मान आपोआप हलली, बरोबर त्या फटीत. निकिता थबकली. तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"ते नका करू," ती म्हणाली. "मान नका हलवू. मी काय म्हणाले ते सांगा."

"तू म्हणालीस, बाळ झाल्यापासून तुला झोप नाही."

"असं नाही. मी म्हणाले तसंच सांगा."

ऋतुजाने आठवलं. "'लेकरू झाल्यापासून मला झोप लागंना. डोळा मिटला की तेच दिसतं.'"

निकिताने थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढचं वाक्य बोलली. ऋतुजाने ते परत सांगितलं. मग त्याच्या पुढचं. दोघींच्या समोरून आया-बाया डबे घेऊन जात होत्या, वॉर्डातून कुणी कण्हत होतं, ऋतुजाच्या पर्समध्ये फोन थरथरून थांबला. तिने पाहिलं नाही. एक वाक्य झालं, की ते तोंडाने परत. कुठे एखादा शब्द निसटला की निकिता थांबायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायची, चिडून नाही, हिशोबी माणसासारखीही नाही, तर अंधारात पाय टाकण्याआधी जमीन चाचपावी तशी.

"आमच्या अंगणात पाण्याचा हौद आहे," निकिता म्हणाली.

"'आमच्या अंगणात पाण्याचा हौद आहे.'"

"दुपारी सगळे झोपले की मी लेकराला घेऊन तिथं उभी राहते."

"'दुपारी सगळे झोपले की मी लेकराला घेऊन तिथं उभी राहते.'"

"मला वाटतं, हात सोडून द्यावेत."

ऋतुजाने तोंड उघडलं. तिच्या हातांना जुईचं वजन जाणवलं, सकाळी निघताना घेतलं होतं तेवढं, आंघोळीनंतरचं, ओलसर. "'मला वाटतं,'" ती म्हणाली, "'सगळं सोडून द्यावं.'"

"तसं नाही म्हणाले मी."

"निकिता..."

"तीनदा सांगितलं होतं मी हे. तीनदा तुम्ही मान हलवली. त्या दिवशी पहाटे उठले आणि म्हटलं, आता आपणच हौदापासून लांब जावं. स्टँडवरच्या त्या खोलीत नळ होता, पण कोरडा होता. म्हणून बसले तिथं." तिने ऋतुजाच्या डोळ्यांत पाहिलं. "मी परत म्हणते. तुम्ही परत म्हणा."

तिने ते वाक्य पुन्हा उच्चारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

 मान हलवणं किती सोपं होतं, हे ऋतुजाला आता कळत होतं. वॉर्डातलं कण्हणं थांबलं. निकिता वाट बघत होती, बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरून.

"'मला वाटतं,'" ऋतुजा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही, "'हात सोडून द्यावेत.'"